सैल टाक्यांची बाई

आमच्या शर्टांच्या कारखान्यात मला सगळे कॉलरवाल्या काकू म्हणतात. शर्टात सगळ्यात अवघड काम कॉलर लावण्याचं, आणि ते इतकी वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून माझीच कॉलर जरा ताठ असायची. रस्त्यात कुणी भेटलं तर माझी नजर आधी त्याच्या मानेवर जाते, मग तोंडाकडे. स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून बसले तरी आमच्या ह्यांची कॉलर डावीकडे उतरलीय, एवढंच मला दिसतं.

अशा या बाईला पुन्हा विद्यार्थिनी व्हायची वेळ आली.

कारखान्यात नवीन मशिनं आली. प्रत्येक मशिनाच्या डोक्यावर मोबाइलसारखा छोटा पडदा. सुपरवायझरनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आधी शिकायचं, मग परीक्षा. पास झालात तर नव्या लाइनवर, नाहीतर धागे कापायच्या टेबलावर."

धागे कापणं कमीपणाचं नाही, तेही कुणीतरी करावंच लागतं. पण तिथे हातात फक्त कात्री असते, मशीन नसतं. मला मशीन आईनं शिकवलं. सुरू करण्याआधी त्याच्या डोक्यावर तळहात टेकवायचा, तो कपाळाला लावायचा आणि मनात देवाचं नाव घ्यायचं, हेही तिनंच शिकवलं. मशिनाशिवायचा दिवस कसा असतो, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी शिकायला बसले.

शिकवायला एक मुलगी आली होती, माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला काकू. दोघींनी एकमेकींचा मान ठेवला आणि दोघीही अवघडून बसलो.

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "शिवण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचायचा. टाका केवढा पडणार ते त्यात दिसतं. आकडा वाचल्याशिवाय पायडलवर पाय ठेवायचा नाही."

मी जोरात मान हलवली. मान हलवण्यात मी शाळेपासून हुशार. आकडा मला दिसत मात्र नव्हता. चष्मा पिशवीत होता आणि तो तिथेच राहणार होता, कारण माझ्या शेजारी बसणाऱ्या रेडिओनं एकदा म्हटलं होतं, "चष्मा लावलास की तू थेट माझी आजेसासू दिसतेस." रेडिओ म्हणजे बाहीवर काम करणारी माझी मैत्रीण. तिचं तोंड बंद पडलं तर मेकॅनिकला बोलवावं लागेल, म्हणून ते नाव.

नवीन मशीन धागा आपोआप कापतं, टाच मागे दाबली की झालं. मला ते पटेना. मशीन कापायचं आणि त्यामागून मीही कात्री चालवायचे.

"वारा कापतेस का गं?" रेडिओ म्हणाली. "जरा इकडेही पाठव, उकडतंय."

तेही एक वेळ चाललं असतं. पण माझे टाके सैल पडायला लागले. सैल म्हणजे किती? एका टाक्यातून दुसऱ्याला हाक मारावी लागेल इतके लांब! मॅडम येऊन काहीतरी दाबायची, दोन ओळी शिवून दाखवायची, सगळं सरळ. मी चहा पिऊन परत बसले की पुन्हा तेच.

"काकू, आकडा कुणी बदलला?"

"देवाशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही."

मेकॅनिकनं मशिनाचं पोट उघडलं, आत बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, "हे ठणठणीत आहे."

"मग बिघडलंय कोण?" मी विचारलं.

सभ्य माणूस. त्यानं नुसतं मशिनाचं पोट बंद केलं.

मग रेडिओनं माझ्याशी जागा बदलली. माझ्या मशिनावर तिची बाही फोटोत लावावी अशी झाली आणि तिच्या मशिनावर माझी कॉलर पुन्हा ढिली. आता दोष मशिनाचा म्हणायची सोय उरली नाही. "तुझ्या हाताला काहीतरी आहे," रेडिओ म्हणाली. ती थट्टेनं म्हणाली, पण मी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. इतकी वर्षं याच हाताच्या जिवावर मिरवले होते.

घरी मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे ट्रक चालवतात, प्रत्येक गोष्टीत ब्रेक शोधतात.

"चष्मा लावतेस का?"

"त्याचा काय संबंध?"

"मी आपलं विचारलं. डबीतच ठेवायला घेतलाय का तो?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी देवापुढे जरा जास्त वेळ बसले. म्हटलं, बाबा रे, एवढी परीक्षा निभावून ने, धागे कापायला लावू नकोस. आणि आज मशिनाला मनापासून नमस्कार करीन. तो मनापासूनच नडला.

परीक्षेला प्रत्येकीला एक कॉलर मिळाली. मी नमस्कार केला, अगदी हात दाबून केला, आणि पायडल दाबलं. जे शिवलं गेलं त्याला कच्चा टाकाही म्हणता आला नसता. मी हात मांडीवर घेतले. डोळ्यांपुढे धाग्यांचं टेबल दिसायला लागलं.

मॅडम आली. मला वाटलं, आता नावापुढे फुली. पण ती म्हणाली, "उसवा. पुन्हा पहिल्यापासून करा, रोज करता तसंच. काही गाळायचं नाही. मी मागे उभी राहते."

मी उसवलं. स्टूल पुढे ओढलं. कॉलर सरळ केली. डोक्यावर हात टेकवला...

"थांबा! हात कुठे ठेवलात?"

"मशिनावर. नमस्कार केला."

"हात उचलू नका. आता आकडा वाचा."

मी डोळे बारीक केले, मान मागे नेली, पुढे आणली.

"काकू," तिनं हळूच विचारलं, "चष्मा कुठे आहे?"

पिशवीच्या तळातून चष्मा निघाला, तोही रेडिओला काढून द्यावा लागला, कारण माझा हात मशिनावर. चष्मा लावला आणि पाहिलं. माझ्या तळव्याखाली अधिकचं चिन्ह होतं, आणि शेजारचा आकडा चढून पार शेंड्याला पोचला होता. जुन्या मशिनाच्या डोक्यावर मी जिथे हात ठेवायचे, नेमका तिथेच या नव्याला पडदा. आणि मी देवाची शपथ घेऊन सांगत होते की हात लावला नाही! नमस्काराला मी हात लावणं धरतच नव्हते.

रेडिओ हसून हसून स्टुलावरून घसरली. "अगं, इतकी वर्षं नमस्कार करतेयस, आता कुठे कुणीतरी मनावर घेतलं!"

मॅडमला हसू आवरेना, पण तिनं दुसरी कॉलर दिली. या वेळी मी लांबून हात जोडले. आकडा खाली आणला, मोठ्यानं वाचला, मग पाय ठेवला. कॉलर बसली. पडद्याकडे बघण्यात वेळ गेला, म्हणून मी काठावर पास झाले. रेडिओ पहिली आली आणि ते ती अजून सांगते.

आता मी नव्या लाइनवर आहे, चष्म्यासकट. पडद्याला कुलूप लावायची सोय असते, हे मॅडमनं नंतर दाखवलं. मी आधी कुलूप लावते, मग हात टेकवते. नवीन मुली शिकायला आल्या की मॅडम त्यांना आधी माझ्याकडे पाठवते. "काकू, ते हात न लावता टाके कसे बिघडवायचे ते सांगा ना," मुली म्हणतात. मी सांगते. चष्मा पुसून, पहिल्यापासून, काही न गाळता.