पाचवं अक्षर

आरटीओ कचेरीच्या बाहेर टेबल टाकून मी सारा जन्म काढला. लोक आम्हाला एजंट म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात. करेनात का. तेच लोक लायसन हरवलं की आधी माझ्याकडे येत. माझं मुख्य काम छाप काढायचं. गाडीच्या पत्र्यावर कंपनीनं ठोकलेला नंबर असतो, त्यावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे कागदावर उमटतात. ती छाप फाइलला लागली की गाडी सरकारदरबारी खरी. या हातांनी अशा किती छापा काढल्या त्याचा हिशोब नाही. त्यातली एकच मला छळते.

ती गाडी अमेरिकन होती. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, स्टिअरिंग डाव्या हाताला. तिचा मालक परदेशी पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवणारा टॅक्सीवाला. मागं बसायचं तर पाहुण्याला पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागे. अशी गाडी कुणी टॅक्सीला लावतं का? पण हा आधी मुंबईत एका गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर होता आणि साहेबानं मायदेशी जाताना गाडी यालाच दिली होती. साहेबानं त्याला सांगितलं होतं म्हणे, की दिसायला हिच्यासारख्या पुष्कळ आहेत, पण कारखान्यातूनच शर्यतीचं दणकट इंजिन घेऊन निघालेल्या फार थोड्या, आणि ही त्यातली एक. हे तो चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगे. लोक आधी ऐकत, मग डोळे मिचकावत. त्याचं नाव पडलं ‘अमेरिकेचा जावई’. त्याचा मुलगा शाळेत याच नावावरून मारामाऱ्या करून फाटक्या शर्टानं घरी यायचा.

मग ऐंशीच्या दशकातली ती कोरडी सालं आली. पैठणच्या धरणाचा तळ दिसायला लागला, शहरात घागरींच्या रांगा लागल्या, आणि ही बया पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. गिऱ्हाईकही आटलं. शेवटी त्यानं तेव्हा सगळे करत तेच केलं. आठ सिलिंडरचं इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. जुनं इंजिन कन्नड तालुक्यातल्या एका माणसानं विहिरीवर पंप चालवायला नेलं, आणि विहिरीतच पाणी नाही म्हटल्यावर ते तिथंच गंजून गेलं. डिझेलला मोठी बॅटरी लागते, ती डाव्या बाजूला बसवली. नेमका तिथल्याच पत्र्यावर कंपनीचा नंबर होता. बॅटरीचं अ‍ॅसिड ओघळलं आणि नंबरातलं पाचवं अक्षर खाऊन गेलं.

पासिंगला, म्हणजे कचेरीच्या तपासणीला, गाडी आली तेव्हा इन्स्पेक्टर साहेबांनी मान हलवली. अक्षर वाचता येत नाही, पासिंग होणार नाही. नियमानं त्यासाठी अर्ज, पोलिसांचा दाखला, मग कचेरी सांगेल त्या माणसाकडून काम. एवढं कोण थांबतो? आम्ही टेबलवाले असले नंबर पंच आणि हातोडीनं परत ठोकून द्यायचो. त्याला आम्ही ‘नंबर उजळणं’ म्हणायचो. भांडी घासल्यासारखं काम, त्यात पाप वाटायचं नाही. मी आधी कागद धरून पेन्सिल घासली. इंग्रजी ‘के’ची उभी काठी आणि तिचे दोन फाटे पुसट पण स्वच्छ उमटले. तेच अक्षर मी ठोकलं. माझा पंच किंचित मोठ्या मापाचा होता, त्यामुळे ते शेजारच्यांपेक्षा जरा खाली बसलं. साहेबांना चाललं. टॅक्सीवाल्यानं मला भजी खाऊ घातली.

त्यानंतर गाव कुठल्या कुठं गेलं. वाळूजला कारखाने आले, बीड बायपासपर्यंत प्लॉटिंग पोचलं, मी पुंडलिकनगरात घर बांधलं. टॅक्सीवाला वारला. गाडी त्याच्या मुलाच्या दारात पत्र्याच्या शेडखाली विटांवर उभी राहिली. आणि मग पुन्हा तशीच कोरडी सालं आली. टँकर गल्लीत शिरला की बायका भांडी घेऊन धावायच्या. त्याच उन्हाळ्यात महापालिकेनं रस्ता रुंदीकरणाची लाल खूण त्या मुलाच्या भिंतीवर मारली. शेड जाणार होती. गाडी कुठंतरी हलवणं भाग होतं.

मुलगा तेव्हा पन्नाशीला टेकलेला, कंपनीत फिटर. पुण्याच्या कुणा शौकिनानं गाडीचा फोटो पाहिला आणि तपासायला आपला जाणकार पाठवला. गाडी अस्सल निघाली तर तो नेऊन तिला पूर्वीसारखी उभी करणार होता. मुलानं मला घरून बोलावून नेलं. म्हणाला, “भाऊ, पासिंग तुम्हीच केलं व्हतं ना बापाचं? चला. एकदा कळू द्या लोकायला, म्हातारा फेकत नव्हता म्हणून.”

पैशाचा शब्द त्यानं काढला नाही. त्याला तेवढंच हवं होतं. म्हणूनच त्यानं शेजारच्यांनाही बोलावलं होतं, त्यात बापाला जावई म्हणणारे दोन म्हातारेही होते.

जाणकार तिशीतला, मोजकं आणि अदबीनं बोलणारा. त्यानं गाडीखाली आडवं पडून टॉर्च मारला, चुंबक लावून पत्रा तपासला. दारावरची कंपनीच्या तपशिलांची पट्टी मागितली. ते दार अजिंठ्याच्या रस्त्यावर ट्रकनं चेपलं होतं, कधीच बदललेलं. मागचा अ‍ॅक्सल जीपचा. इंजिन टेम्पोचं. बापानं गाडी चालती ठेवण्यासाठी जे जे केलं, त्यात पुरावा एकेक करून गेला होता. उरला होता फक्त नंबर.

“पाचवं अक्षर कुठलं इंजिन होतं ते सांगतं,” तो मुलाला म्हणाला. त्यानं भिंग धरलं. बराच वेळ धरलं. “बाकी सगळं एका मापाचं, एका ओळीत आहे. हे एकच मोठं आहे आणि खाली सरकलंय. हे नंतर ठोकलंय. साध्या गाडीला भारी दाखवायला लोक नेमकं हेच अक्षर बदलतात, साहेब. नोंदणीच्या पुस्तकात अख्खा नंबर आहे का?”

नव्हता. मुंबईच्या कारकुनानं शेवटचे सहा आकडे तेवढे उतरवले होते.

“वडिलांचं पासिंग यांनीच केलं होतं,” मुलगा माझ्याकडे बोट करून म्हणाला. त्याचा आवाज पातळ झाला होता. “भाऊ, सांगा की.”

नंबरात हात घालणं गुन्हा आहे. माझं टेबल आता माझा मुलगा चालवत होता. समोर दहा माणसं उभी. हे सगळं माझ्या मनात आलं हे खरं, पण त्याच्याही आधी माझी जीभ सवयीनं वळली. आमच्या धंद्यात न फसण्याचं एकच औषध.

“लई जुनी गोष्ट झाली,” मी म्हणालो. “मला काय ध्यानात नाय.”

दोघांतला एक म्हातारा हसला. फार मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मुलानं बॉनेट खाली सोडलं. जाणकारानं माझ्याकडे पाहून नमस्कार केला आणि निघून गेला.

घरी आल्यावर मी जुनी ट्रंक उपसली. छाप नेहमी दोनदा काढायची, एक फाइलला, एक आपल्या वहीला, अशी माझी शिस्त होती. वाळवीनं कडा खाल्लेल्या वहीत तो कागद सापडला. ठोकण्याआधीची छाप. काठी आणि दोन फाटे, कंपनीच्या मापात, शेजारच्यांच्या ओळीत. जाणकाराच्या हातात हा दिला असता तर त्याला मान डोलवावी लागली असती.

उद्या जाऊ म्हटलं. उद्या माझ्या मुलाशी बोलून जाऊ म्हटलं. मुलगा म्हणाला, “बाबा, कशाला नसती बिलामत गळ्यात घेता?” मला तेच ऐकायचं होतं. मी भित्रा माणूस आहे, हे मला साठीनंतर नीट कळलं. आठ दिवसांत महापालिकेचा जेसीबी आला. त्याच्या आदल्या दिवशी भंगारवाल्यानं गाडी गॅसकटरनं जागेवरच कापून नेली. तरी मी गेलो नाही.

गेलो तो घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, दुपारी. घराचा पुढचा भाग गेल्यामुळे आता रस्त्यावरून थेट आतल्या खोलीत पाऊल पडत होतं. तो एकटाच बसला होता. मी कागद पुढं केला, मग सगळं सांगितलं. पंच, हातोडी, अ‍ॅसिड, सगळं.

त्यानं कागद उजेडाकडे धरला.

“म्हंजे बाप खरं बोलत व्हता.”

“व्हय.”

“आन् तुम्हाला त्या दिशी बी म्हाईत व्हतं.”

“व्हय,” मी म्हणालो. त्यानं शिवी द्यावी, गळपट्टी धरावी, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यानं तसं काही केलं नाही. कागदाची घडी घातली आणि मांडीवर ठेवून दिली.

“औंदा बापाचं पित्तर घातलं नाय म्या,” तो म्हणाला. “बायकोनं पान वाढलं व्हतं. म्याच उचलून उकिरड्यावर टाकलं. खोटारड्याला कशाला जेवू घालायचं, म्हणलं.”