धाकट्याचा लांबलचक सूर

टीव्हीवर धरण फुटतं, राजा मरतो, नाहीतर हिरो धुरातून चालत येतो, तेव्हा मागे पोटात गोळा आणणारं संगीत वाजतं ना, त्यातलं बरंच आमच्या वरच्या खोलीत बनतं. खोली माझ्या धाकट्या भावाची. पण घर मी बांधलंय, म्हणून आमच्याच म्हणणार.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. शाळा लवकर सुटली. पण गावातल्या अर्ध्या लिफ्टा माझ्या हाताखालून गेल्यात, आणि त्यात चढणाऱ्या अर्ध्या लोकांना माझा भाऊ कोण ते ठाऊक आहे. मीच सांगितलंय. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस ऐकून घेतोच, जाणार कुठे?

त्याचं काम तयार कपड्यांच्या दुकानासारखं आहे. तो आधी शिवून ठेवतो, कंपनी टांगून ठेवते, आणि ज्याच्या सिनेमाला बसेल तो भाड्यानं नेतो. कंपनीकडून नुसता शब्द येतो. ‘सूड’. ‘वादळ’. ‘विजय, पण दुःखी’. मग हा दाराला जुनी गादी ठोकलेल्या खोलीत बसतो आणि कॉम्प्युटरमधून शंभर वादक उभे करतो. एकटा! मध्ये मध्ये बारीक जागाही सोडतो, सिनेमावाल्याला कात्री चालवायला बरं पडावं म्हणून. एवढं डोकं आमच्या खानदानात आधी कुणाला नव्हतं. मला थोडं होतं.

पहिलं ऐकायची त्याची बायको. पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, “तुमचा राजा मेला, पण मला जांभई आली.” की हा तेवढं पुसून पुन्हा करायचा.

गेल्या थंडीत ती गेली. छातीचं दुखणं होतं, फार दिवस नाही काढले तिनं. धाकटा रडला नाही. दाढी वेळेवर, आंघोळ वेळेवर, काम तर आधीपेक्षा जास्त. नातेवाईक म्हणाले, दगड आहे. त्यांना मी असं झापलं की परत आले नाहीत. पण संध्याकाळी मी विचारायचो, “जेवलास का?”

“हो.”

“काय होतं जेवायला?”

तो आठवायचा प्रयत्न करायचा. मग म्हणायचा, “जेवलो, दादा.”

अशात कंपनीचा फोन आला. त्याची एक रचना खऱ्या वादकांकडून वाजवून घ्यायची होती. हाडामासाच्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी तिथे नीट वाजली, तर त्याच्या नावानं कंपनीच्या मोठ्या संग्रहात जाणार. नाही वाजली, तर रांगेत दुसरे होतेच. मी कामावर सुट्टी टाकली, दोघांचे शर्ट इस्त्री केले आणि सगळ्या इमारतींत बातमी पोचवली. धाकटा म्हणाला, “बरं.” बस, एवढंच.

ती जागा म्हणजे लाकडी भिंतींचा मोठा हॉल. वादक स्वेटर घालून, एका कानाला हेडफोन लावून बसलेले. पुढे हातात काडी घेतलेल्या एक बाई, त्यांच्या इशाऱ्यावर सगळे. धाकटा बाईंजवळ उभा, मला काचेमागे कंपनीच्या माणसाशेजारी बसवलं आणि खोकायचं नाही म्हणून सांगितलं.

बाईंनी काडी उचलली. मी खुर्ची काचेजवळ ओढली. मी कंपनीच्या माणसाला म्हटलं, “सख्खा भाऊ आहे.” तो म्हणाला, “तिसऱ्यांदा सांगताय.”

तेवढ्यात सगळं थांबलं. मागच्या रांगेत गोगलगायीसारखं गुंडाळलेलं पितळी वाद्य, हॉर्न, घेऊन एक टकले गृहस्थ बसले होते. त्यांनी हात वर केला.

“बाई, हा सूर पानभर चाललाय. मी श्वास कुठे घ्यायचा?”

हशा पिकला. एक व्हायोलिनवाली म्हणाली, “कॉम्प्युटरला फुफ्फुसं कुठे असतात, काका!”

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. “मध्ये तोडायचा, का दोघांत वाटून वाजवायचा? एकानं सोडला की दुसऱ्यानं धरायचा, कुणाला कळणारही नाही.”

धाकटा कागदाकडे बघत ढिम्म उभा. हो नाही, की नाही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. कंपनीच्या माणसानं घड्याळाकडे बघितलं आणि माईकचं बटण दाबलं. “बाई, हे राहू द्या. पुढचं घ्या.”

मी दार ढकलून सरळ हॉलमध्ये. “राहू द्या म्हणजे?”

“आपण कोण?” बाई म्हणाल्या.

“थोरला भाऊ.”

“काय वाजवता?”

“लिफ्ट दुरुस्त करतो.”

परत हशा. हसेनात का. मी धाकट्याचा दंड धरला. “अरे, तोंड उघड. तुझं आहे हे. ते काढून टाकतायत.”

त्यानं माझा हात बाजूला केला आणि हॉर्नवाल्याकडे बघून हळूच म्हणाला, “तोडू नका. वाटूही नका. श्वास पुरेल तिथपर्यंत वाजवा. संपला की थांबा. बाकीच्यांनी थांबायचं नाही.”

“सूर अर्धवट राहील,” बाई म्हणाल्या.

“राहू दे.”

त्यांनी वाजवलं. हॉर्नवाल्यांचा सूर उठला, चढला, त्यांचं टक्कल लाल झालं. मग सूर थरथरायला लागला, बारीक झाला आणि गेला. व्हायोलिनं चालतच राहिली, काही झालंच नाही अशी. या वेळी कुणी हसलं नाही. धाकट्याची बायको गेली तेव्हा तिच्या उशाशी तो एकटाच होता, मी खाली औषधं आणायला गेलो होतो. वर काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कंपनीचा माणूस बाहेर आला. “बाकी उत्तम आहे. तेवढा सूर कॉम्प्युटरवरून पुरा करून घेऊ. गिऱ्हाईकाला तुटकं चालत नाही.”

“नाही,” धाकटा म्हणाला.

“काय नाही?”

“घ्यायचं तर असंच घ्या. नाहीतर माझं काढून टाका.”

त्या माणसानं मान खाजवली. “घेतो बाबा. नाव तुझं लागेल, तेव्हा बोलणीही तूच खायची.”

आम्ही टॅक्सीत बसलो. मी पुढे, तो मागे. मी म्हटलं, “रडलास तरी चालेल. काच वर करतो.”

“येत नाही रडू.”

“मग काय होतंय?”

“काही होत नाही, दादा.” त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाला, “सूर संपल्यावर त्यांनी केवढा मोठा श्वास घेतला, बघितलंस?”

“त्यात काय? माणूस आहे, घेणारच.”

“हो. घेणारच.”

तो खिडकीबाहेर बघत बसला. मी टॅक्सीवाल्याला विचारलं, “मागे कोण बसलंय, माहितीय का तुम्हाला?”