आधी आवाज, मग बोटी

कोल्हापुरातल्या त्या पेठेत निम्मी माणसं फक्रुद्दीन पिंजाऱ्यांनी भरलेल्या गाद्यांवर झोपतात आणि उरलेली निम्मी 'यंदा भरून घेऊ' म्हणत जुन्या गाठींवर कूस बदलत राहतात. गल्लीला ते फक्रूचाचा. भुवयांवर कायम कापूस, आणि तोंड एवढं फटकळ, की गादी दबली म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्याला ते "गादीला काय झालं न्हाय, तुमचं वजन वाढलंय," असं तोंडावर सांगणार. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण गादी खरंच चांगली असते.

चाचांना नाद दोनच. एक पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ आणि दुसरी कापशी. ही कापशी म्हणजे पांढरी कुत्री. पिल्लू असताना दुकानातल्या कापसाच्या ढिगात येऊन झोपली आणि तिथलीच झाली. पिंजायचं यंत्र शेजारी घरघरत असलं तरी ही बया निवांत घोरते. पण फटाका वाजला, की तिचं सगळं अवसान जातं.

आता या पेठेत फटाके दिवाळीची वाट बघत नाहीत. संघ जिंकला की माळ लागलीच. गेल्या मोसमात अशाच एका विजयात चाचा गुलालात न्हाऊन नाचत होते आणि कापशी जीव घेऊन पळत सुटली होती. सापडली ती पार रंकाळ्याच्या पलीकडे, गाडीखाली पाय चेंगरलेली. अजून लंगडते. पुन्हा पळाली तर सापडेलच असं नाही, हे चाचांच्या मनातून जाईना. आणि यंदा तर संघ फायनलला.

चाचांनी आधी आपलं हत्यार काढलं, म्हणजे कापूस. तिच्या कानात बोळे घातले, तिनं मान झटकून ते पार रस्त्यावर उडवले. मग चारी बाजूंनी जाड गादी लावून झकास घर शिवलं. कापशी त्याला वास घेऊन बाजूला झाली. तालमीच्या फटाक्यांचं खातं सांभाळणारा बाळासो मात्र आत डोकं घालून म्हणाला, "चाचा, आमच्या पावण्यांच्या खोलीपरीस ही बरी हाय की."

शेवटी चाचांच्या बायकोनं, बेगमनं, त्यांना जनावरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर संयोगिताबाईंनी उपाय सांगितला. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि लगेच कापशीच्या आवडीचं खायला द्यायचं. ती घाबरत नाही असं दिसलं तरच आवाज थोडा वाढवायचा. बेगमनं मीठ-मसाला न घालता मटणाच्या बोट्या शिजवल्या.

आठवडाभरात उलटंच झालं. बोटी दिसली, की कापशी शेपूट घालून यंत्रामागे पळायला लागली. चाचा तणतणत डॉक्टरबाईंकडे गेले.

"तुम्ही आधी काय करता?" बाईंनी विचारलं.

"आधी पोटभर खाऊ घालतो, मग मोबाईलवर बार लावतो. उपाशीपोटी कुणाला भ्या दाखवायचं व्हय?"

बाईंना हसू आवरेना. दारात आलेल्याला आधी जेवू घालायचं, कामाचं मागून बघायचं, ही कोल्हापूरची रीत चाचांनी कुत्र्यालाही लावली होती. "चाचा, बोटी खाल्ली की बार उडतो, असं शिकवलंत तुम्ही तिला. आधी आवाज, मग बोटी."

चाचांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आवाज, मग बोटी. हळूहळू कापशी मोबाईलकडेच आशेनं बघायला लागली. पण मोबाईल वेगळा आणि दारातली माळ वेगळी. म्हणून फायनलच्या दिवशी सगळी पेठ मैदानावर गेली आणि चाचा, ज्यांची आजवर एकही फायनल चुकली नव्हती, दुकानाचं शटर अर्धं ओढून कापशीजवळ बसले. समालोचन मोबाईलवर ऐकत होते. टायब्रेकरमध्ये आपल्या संघातल्या पोराचा शेवटचा फटका खांबाला लागला आणि फायनल गेली. चाचांनी मोबाईल पालथा ठेवला.

जिंकलेल्या दुसऱ्या पेठेची मिरवणूक हिणवायला मुद्दाम याच रस्त्यानं येणार, हे ठरलेलंच. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी भलीमोठी माळ लावली. शटर थरथरलं. कापशी ताडकन उठली. तिच्या अंगावरून काटा सरकत गेला, आणि तिनं दाराकडे बघितलं. चाचांनी तिला धरलं नाही.

कापशी वळली, लंगडत चाचांसमोर येऊन बसली आणि लाळ गाळत त्यांच्या हाताकडे बघायला लागली.

"द्या की," बेगम पातेलं पुढं सरकवत म्हणाली. "कोण जिंकलं, तिला काय ठाव?"

चाचांनी एक बोटी दिली. बाहेर बार उडाला, दुसरी दिली. शत्रूच्या विजयावर एवढं मटण पेठेत कुणी कधी वाटलं नसेल. पडेल चेहऱ्यानं, न वाजलेल्या माळा खांद्यावर घेऊन बाळासो शटरखालून आत आला तेव्हा चाचांचे गाल ओले होते आणि ते हसत होते.

"रडताय का हसताय, चाचा?"

"दोन्ही," चाचा म्हणाले. "हरलो म्हणून रडतोय, ही पळाली न्हाय म्हणून हसतोय. बस आता, आणि तू दे बोटी. माझा हात दुखाय लागलाय."