जोसेफचं मत

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही आडवळणानंच सांगणार — सरळ बोलायची हिंमत असती तर हे घडलंच नसतं.

आधी माझी फजिती सांगतो, ते सोपं जातं. इथं आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, जोसेफ माझ्या हाताखाली क्रेन चालवतो. त्याचं बेट लवकरच स्वतंत्र देश होणार आहे, आणि तेव्हा तोंडावर आलेल्या निवडणुकीत निवडून येणारी संसदच ते काम पार पाडणार होती. मत द्यायला त्याला घरी जाणं भाग होतं. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्यानं विचारलं, भारतात मत देताना कसं वाटतं? मी भाषणच ठोकलं. वर पेनानं बोटावर शाई लावून दाखवली. मुलगी म्हणाली, "बाबा, राँग हँड. लेफ्ट असतो."

सगळे हसले. मीही हसलो. पण मी जन्मात मत दिलेलंच नाही — विशीत इथं आलो, मतासाठी कधी परत गेलो नाही — हे कुणाला कळलं नाही.

वर्कशॉपमध्ये पोरं त्याला "मिनिस्टर साब, कब निकलना है?" म्हणून छेडू लागली. लग्नापासून माझं मत न विचारलेल्या माझ्या बायकोनं त्याला वाटेसाठी चिवडा केला, भरपूर खोबरं घालून. माझ्या चिवड्यात खोबरं शोधावं लागतं. हसा — पण मी जळत कशावर होतो? खोबऱ्यावर? की कुणीतरी, कुठंतरी, याच्या मताची वाट बघत होतं, यावर?

त्याची रजा मी साहेबांकडे न्यायची होती. साहेब कुणाची रजा अडवत नाहीत. मी... गेलोच नाही. दोन दिवस थांबलो आणि त्याला म्हणालो, "साहेब नाही म्हणाले. काम फार आहे."

तो क्रेनकडे वळला. मग म्हणाला, "खलास, बॉस. तुम्ही प्रयत्न केलात."

मतदानाच्या दिवशी आम्हाला सुट्टी होती. बायकोनं त्याला घरी बोलावलं. त्याच्या बहिणीनं मतदानाच्या रांगेतून व्हिडिओ कॉल लावला होता. गावातले लोक त्याला हात हलवून एकेक करत आत जात होते. त्यानं चिवड्याचा डबा उघडला आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

तो गेल्यावर दार लावता लावता बायको म्हणाली, "बिचारा. तुम्ही साहेबांकडे शब्द टाकलात, तेवढं तरी समाधान त्याला."