तात्यांची कवळी आणि अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

माझ्या माहेरच्या गावचा शांताराम सकाळच्या एसटीने लांज्याला उतरला, आमच्या दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाय, तात्या ग्येले गो." मी विचारलं, "कवळी होती का तोंडात?" माणूस गेल्याचं कळल्यावर असं कोणी विचारतं का? पण मला तेच सुचलं. शांताराम खाली बघत म्हणाला, "नाय. ती परत घातलीच नाय त्यांनी."

तात्या माझे धाकटे चुलते. गावच्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराकडे. शिमग्यात देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की तात्या हात जोडून उभे राहायचे आणि घरोघरची नावं घेऊन देवीला सांगणं घालायचे. कोणाचा मुलगा मुंबईत आहे, कोणाची सून अडली आहे, सगळं. प्रत्येक नावाला अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. नाव स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, नाहीतर ते देवीला पोचत नाही, अशी आमच्याकडची समजूत. त्यामुळे दात पडून तात्यांचे शब्द फसफसायला लागले, तेव्हा वरच्या घरच्या भावकीने मान आपल्याकडे यावा म्हणून कुजबुज सुरू केली. साधी कवळी खालच्या हिरडीवर ठरेना. नाव घेताना ती नाचायची.

त्यांचा मुलगा वसंत मुंबईत दातांच्या इस्पितळात वॉर्डबॉय होता. तिथले डॉक्टर तेव्हा एक नवीन प्रकार करून बघत होते. त्यांनी तात्यांच्या खालच्या जबड्यात धातूचे दोन खिळे बसवले, वर गोल डोकी. कवळीच्या आत दोन खाचा आणि त्यांत रबराच्या कड्या. दाबली की ब्लाउजच्या टिचबटणासारखी "टक" करून बसायची. गावी आल्यावर तात्यांनी आम्हा सगळ्यांना ती टक ऐकवली. भावकीची तोंडं बंद झाली. त्या शिमग्यात त्यांचा आवाज पार बांधापलीकडे गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रात्री काढायची, सकाळी घालायची. तात्या ती आंघोळीला काढायचे, पूजेआधी काढायचे, चहा झाला की काढायचे. धुवायचे आणि पुन्हा टक. काकी वैतागायची, तर म्हणायचे, "भायरची वस्तू तोंडात हाय. ती धुवल्याबिगर देवीचा नाव कसा घेव?" आम्हाला ते कौतुकाचं वाटायचं. दर वेळी ते रबर घासलं जातंय, हे कोणाच्या डोक्यात येणार? पुढे पुढे टक बारीक झाली, मग ऐकूच येईना. वसंत म्हणाला, मुंबईला या, कड्या बदलायला अर्धा तास लागतो. तात्या म्हणाले, "शिमगा झाला की येतो." खाचेत त्यांनी धोतराची चिंधी कोंबली.

मी त्या शिमग्याला माहेरी होते. गाऱ्हाणं रंगात आलं होतं. शेजारच्या सखूआत्याच्या घराची पाळी आली, तिच्या मुलाचं, सुरेशचं नाव घ्यायला तात्यांनी तोंड उघडलं आणि... कवळी सुटून पालखीपुढे पडली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कोणी "व्हय म्हाराजा"ही म्हणालं नाही. वरच्या घरच्या थोरल्याने पुढे होऊन उरलेली नावं घेतली. सुरेशचं सोडून, त्याच्या पुढची.

पावसाळ्यात सुरेश गुरं घेऊन येताना पऱ्ह्यात वाहून गेला. पऱ्ह्याला पूर आला की माणूस वाहून जातो, त्याला कवळी काय करणार? हे मी घसा फोडून सांगितलं. ऐकतंय कोण! तात्यांच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त लोक त्यांच्या अंगणात यायचे बंद झाले. एक सखूआत्या तेवढी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने विचारलं, "तात्या, माज्या सुऱ्याचा नाव देवीला पोचला व्हता काय वो?"

तात्यांनी कवळी काढून देवघरापाशी पाण्याच्या वाटीत ठेवली ती कायमची. वसंत नव्या कड्या घेऊन आला, त्यांना हातसुद्धा लावला नाही. पेजेवर राहिले. गाल आत गेले, अंग वाळत गेलं, आणि थंडी सरता सरता गेले. डॉक्टरने दुखणं वेगळं सांगितलं. मला ते पटलेलं नाही.

अस्थी गोळा करताना राखेत ते दोन खिळे निघाले. काळे पडलेले, पण शाबूत. वसंतने ते उचलून मुठीत धरले.

तेराव्यानंतर मी काकीजवळ थांबले. सकाळी ती देवघरापाशी आली, कवळीच्या वाटीतलं पाणी बदललं आणि हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." मी विचारलं, "कोणाला गं?" तेव्हा ती बोलली. सखूआत्या येऊन गेल्यापासून तात्या रोज पहाटे तिथे उभे राहून बोळक्या तोंडाने एकच नाव घ्यायचे. सुरेशचं. शब्द काही कळायचा नाही, नुसता वारा. "पन कुनीतरी व्हय म्हनाया नको?" काकी म्हणाली आणि वाटी परत जागेवर ठेवली.