दोर धरणारे शशिकांतराव

शशिकांतरावांच्या पायाला आधीपासूनच भिंगरी होती, पण परदेशात बाडहूव्हडॉर्पला मुलाकडे आल्यापासून ती जरा जास्तच फिरायला लागली. सकाळी कालव्यापर्यंत, दुपारी उतरणारी विमानं बघायला, संध्याकाळी उगाच सुपरमार्केटात. घरातसुद्धा बूड म्हणून टेकायचे नाहीत. सून मीनल बसा म्हणाली की म्हणायचे, हा कसला देश, चढायला जिन्याशिवाय काही नाही, माणसाने बसून करायचं तरी काय.

खरं कारण उजव्या हातात होतं. दिवाळीपासून तो कापायला लागला होता. चालताना हात पाठीमागे बांधता येतात. बसलं की हात मांडीवर येतो आणि चारचौघांना दिसतो. या गृहस्थाने उभी हयात पुण्यात आठवड्याचे सहा दिवस विम्याच्या कचेरीत कारकुनी केली आणि रविवार कॉलनीतल्या पोरांना कडे चढायला शिकवण्यात घालवले. पोरं वर, शशिकांतराव खाली, दोर हातात. एकाही पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दोर धरणारा घाबरत नसतो, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. अशा माणसाने हात कापतो म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने? शिवाय बाबांना आता पुण्यात एकटं ठेवायचं नाही, असं मुलगा यश आधीच घोकत होता. त्याला आयतं कोलीत कोण देणार!

बाकी घरात एकच तक्रार होती. मीनलच्या हातचा चहा फक्कड, पण कप कधी भरून येत नसे. पाहुण्यापुढे एक बिस्किट ठेवून डबा बंद करणाऱ्या लोकांत राहून सुनेला वाण नाही पण गुण लागला, असं ते मनात म्हणत आणि गप्प बसत.

आणि मग तो शनिवार आला. युट्रेख्टच्या पलीकडे एका तळ्याकाठी सिमेंटचा उंच कडा उभारला होता. देवाने डोंगर दिला नाही म्हणून या लोकांनी तो ओतून घेतलेला. तिथे चढायचं, मग गवतावर बसून धपाटे आणि दही खायचं, असा बेत. अकरा वर्षांच्या गुंजनने जाहीर केलं होतं की तिचा दोर आजोबाच धरणार. महिनाभर आजोबांनी कड्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्याचं हे फळ. गाडीत शशिकांतराव सारखे आभाळाकडे बघत होते. एरवी रोज पडणारा पाऊस आज नेमका रजेवर होता.

पोचल्यावर त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. कड्याला तीन फेऱ्या मारल्या, खोबणी ठोकून पाहिल्या, दोनदा लघवीला जाऊन आले. आधी खाऊन घेऊ या म्हणाले. भरल्या पोटी चढायचं नसतं असं तुम्हीच सांगता ना, अशी मीनलने आठवण करून दिली. शेवटी पट्टे कमरेला आवळले गेले.

तिथला एक नियम होता. चढणारा आणि दोर धरणारा, दोघांनी एकमेकांना तपासायचं. गाठ, पट्टा, दोर अडकवायची कडी. समोरच्याने ठीक म्हटल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. गुंजन नियमाची पक्की. आजोबांनी तिची गाठ पाहिली, ठीक म्हणाले. मग तिने त्यांची कडी पाहिली. कडीचा स्क्रू उघडाच होता. शशिकांतराव तो फिरवायला गेले; बोटं घसरली. पुन्हा घसरली. कडी पट्ट्यावर टकटक वाजत राहिली.

गुंजनने वर पाहिलं. "आजोबा, आर यू स्केअर्ड?" तिने हळूच विचारलं.

हो म्हटलं असतं तर सुटले असते. म्हातारा घाबरला म्हणून सगळे हसले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण पोरगी खरोखर तपासत होती. तिने दोर त्यांच्या भरवशावर बांधला होता, आणि या जागी उभं राहून शशिकांतराव आजवर खोटं बोलले नव्हते.

"नाही गं. माझा हात कापतो," ते म्हणाले. यशला ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणाले. "दिवाळीपासून. तुझा दोर मी धरू नये."

यश फोटो काढायचा थांबला. त्याने कडी स्वतःच्या पट्ट्याला अडकवली, लेकीकडून तपासून घेतली आणि मग म्हणाला, "बाबा, इथेच थांबा. माझं चुकलं तर ओरडा."

शशिकांतराव दोनदा ओरडले. गुंजन वर पोचली, तिथली घंटा वाजवून खाली आली.

मग सगळे गवतावर बसले. किती तरी महिन्यांनी शशिकांतराव हात मांडीवर उघडा ठेवून बसले, कापेना का. मीनलने थर्मासमधून चहा ओतला. यशचा कप भरला, स्वतःचा भरला, सासऱ्यांना दिला तो अर्धा. त्यांनी तो उचलला. हात हलला, चहा कपाच्या काठापर्यंत चढला आणि न सांडता खाली बसला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आलात त्या दिवसापासून," मीनल म्हणाली आणि धपाट्यांचा डबा पुढे केला.

चहा संपवून त्यांनी कप पुढे केला.

"अजून अर्धा दे," म्हणाले.