विमानातली पंगत

आबा बोर्डिंग पास कधी नुसता हातात द्यायचे नाहीत. खुर्चीवरून अर्धे उठायचे, पास दोन्ही हातांनी पुढं करायचे, मग उजवा पंजा धावपट्टीच्या दिशेनं पसरून म्हणायचे, "या पाहुणे, असं बसून घ्या." विमान तेव्हा मुंबईहून निघालेलंही नसायचं.

चिकलठाण्याच्या विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीच्या काउंटरवर आम्ही दोघं शेजारी-शेजारी होतो. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. हे मी कुणी न विचारताही सांगते, तसं आबांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी लगेच माझं नाव बाजूला ठेवलं आणि निवृत्त होईपर्यंत मला 'बीए' म्हटलं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहू द्या.

आबा फुलंब्रीकडचे. घरची शेती, भावकी मोठी, आणि भावकीतल्या प्रत्येक लग्नात पंगत बसवायचं काम यांचं. कोण कुणाशेजारी बसेल, कुणाला भिंत द्यायची, कोणते दोन साडू समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, हे त्यांना तोंडपाठ. पुढं नोकरी लागली, पण ते काम काही सुटलं नाही. पंख्याच्या छोट्या विमानातल्या सीटाही ते तशाच वाटायचे. कॉम्प्युटर एक नंबर सुचवायचा. आबा आधी माणसाकडं बघायचे, "कुणाकडं निघालात?" विचारायचे आणि मग तो नंबर बदलायचे.

एकदा एक अख्खं वऱ्हाड मुंबईला निघालं. दोन्हीकडच्या मंडळींना मान म्हणून पुढची सीट हवी. आबांनी दिली. सगळा भार पुढं आला आणि कॅप्टननं निरोप पाठवला, विमान पुढं जड झालंय, दहा माणसं मागं बसवा. एकही माणूस हलेना. आबा शिडी चढून आत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, या विमानाचं दार मागं हाय. जो मागं बसंल तो आधी उतरंल. हार आधी त्याच्या गळ्यात पडणार."

पाच मिनिटांत विमान मागं जड झालं.

शेवटी दोन्हीकडच्या मामांना पंखांजवळ मधोमध बसवलं, "मामांच्या आधारावर लग्न उभं असतंय" असं सांगून. तेव्हा कुठं विमान उडालं. मामा मुंबईपर्यंत ताठ बसून गेले, असं एअर होस्टेसनं आम्हाला सांगितलं.

मग नव्या सीटा आल्या. पत्रकात त्यांना आधुनिक आणि हलक्या म्हटलं होतं. हलक्या होत्याच. पुठ्ठ्यासारख्या पातळ, ताठ, आणि मागं रेलायची सोय काढून टाकलेली. अशी वाचवलेली जागा, वर पुढच्या रांगेसमोरची मोकळी जागा, हे सगळं गोळा करून एक अख्खी रांग जास्त घातली होती. आबा आत जाऊन रांगांच्या मधून तिरके चालत आले.

"बीए, दोन पंगतींच्या मधून वाढपी बादली घेऊन निघाला पाहिजे. इथं तर चमचा निघायचा नाय."

"फ्लाइट तासाभराची आहे, आबा. जेवण नाहीये."

"जेवण नाय, पण माणूस हाय ना? हर्सूलच्या आजीला आता मी कुठं बसवू?"

हर्सूलच्या आजी दर महिन्याला मुंबईला जायच्या. मुलगा तिथं आणि पायाचे डॉक्टरही तिथलेच. उजव्या पायात सळई होती, गुडघा वाकायचा नाही. पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा असायची म्हणून ती सीट आबांनी आजींच्या नावावरच केल्यासारखी होती. आता तिथं समोरच पार्टिशन. त्या महिन्यात आजी शेजाऱ्याकडं पाठ करून, तिरक्या होऊन, पाय वाटेत ठेवून गेल्या आणि तशाच आल्या.

नेमकं तेव्हाच मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. महिनाभर उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून फॉर्म भरून घ्यायचा. बैठक कशी वाटली: उत्तम, बरी की त्रासदायक. तक्रारी पुरेशा आल्या तर जादा रांग काढू, नाहीतर ती सगळ्या विमानांत कायम करू. आबांचा चेहरा उजळला. "महिन्यात काढतो बघ ती रांग. ज्यांचे गुडघे गेले ते बोलतीलच की."

पहिल्या दिवशी ते फॉर्म घेऊन दारात उभे राहिले. सव्वासहा फूट उंचीचे एक पाटील लंगडत आले. आबा पुढं झाले. "या पाहुणे! प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"छे, छे! एकदम झकास."

मागून शहागंजातले एक कापडवाले आले, कंबर धरून. "आबा, एकदम बढिया. घर जैसा लगा."

तुम्ही तरी काय म्हणाला असता? लग्नघरी यजमान हात जोडून विचारतो तेव्हा भातात खडा लागला असला तरी आपण झकासच म्हणतो. ज्या माणसानं आपल्याला दोन्ही हातांनी सीट दिली, त्याच्या तोंडावर कोण सांगणार? आठवडाभरात शंभर टक्के 'उत्तम' जमा झालं. आजींनी तर दोन्ही हात आबांच्या गालांवरून फिरवले आणि म्हणाल्या, "लई बरं वाटलं रे बाबा."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही विचारता चुकीचं. पोलिसासारखं विचारा. गुडघे दुखले का? हो की नाही?"

त्यांनी आरशासमोर सराव केला. भुवया आवळल्या. पण माणूस समोर आला की "गुडघे" म्हणेपर्यंत आवाज मऊ व्हायचा आणि "पाणी आणू का?" बाहेर पडायचं. मग मी स्वतः विचारायला लागले आणि त्यांना खांबामागं उभं केलं. प्रवासी "अहो, काय सांगू..." म्हणून सुरुवात करायचा, तेवढ्यात खांबामागून आबा पाण्याचा ग्लास घेऊन यायचे. माणूस ग्लास घ्यायचा आणि 'उत्तम'वर खूण करायचा.

पंधरा दिवसांनी आबांनाच युक्ती सुचली. "ज्याचं त्याला विचारायचंच नाय. शेजाऱ्याचं विचारायचं."

आणि काय सांगू! धबधबाच फुटला. "माझं ठीक आहे हो, पण बाजूच्या वहिनींचे पाय सुजले." "मी मजेत आलो, पण पुढच्या काकांची मान आखडली ती आखडलीच." प्रत्येकाला दुसऱ्याचा इतका त्रास झाला होता की फॉर्मच्या पाठीमागंही लिहावं लागलं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काही नाही, यांचेच पाय मुडपले." आबांनी गठ्ठा बांधला, वर कुंकवाचं बोट लावलं आणि पाठवला.

गठ्ठा परत आला. सोबत एक ओळ: तक्रार ऐकीव आहे, प्रवाशानं स्वतःच्या त्रासाबद्दलच लिहावं. शंका नको म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक साहेब स्वतः त्या विमानानं येणार होते.

साहेब शिडीच्या वरच्या पायरीवर दिसले तेव्हाच मला आनंद झाला. उंच माणूस, आणि एक पाय मुंग्या येऊन झोपलेला. कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी आबांचा दंड धरला. "आज तुम्ही तोंड उघडायचं नाही. ते आपणहून बोलतील. रांग गेलीच म्हणून समजा."

आबांनी मान हलवली. ओठ घट्ट मिटले. साहेब आत आले, खिशातून पेन काढलं, माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, खरं सांगायचं तर..." आणि झोपलेला पाय अडखळला. आबा धावले. साहेबांना दोन्ही हातांनी सावरलं, खुर्ची पुढं ओढली आणि तोंडून निघूनच गेलं, "या साहेब, बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"छे, छे!" साहेब म्हणाले. "अगदी आरामात."

म्हणून झाल्यावर त्यांनी एकदा आबांकडं बघितलं, एकदा पेनाकडं. पण बोललेलं मागं कसं घेणार? त्यांनी 'उत्तम'वर खूण केली आणि सही केली. रांग कायम झाली. आमच्या शहराच्या शंभर टक्क्यांचं पत्रकात कौतुकही छापून आलं.

आबांनी आठवडाभर कुणाला सीट दिली नाही. कॉम्प्युटर देईल ती दिली, बसल्या-बसल्या, एका हातानं. मग एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. "बीए, अर्ज लिही. मला सामानाकडं टाका म्हणावं."

"कारण काय लिहू?"

"सामानाला गुडघे नसत्यात."

मी 'वैयक्तिक कारण' लिहिलं. त्यांनी वाचलं, खोडलं आणि त्यांचं वाक्यच लिहायला लावलं. मॅनेजरनं न वाचता मंजूर केलं.

नारिंगी जाकीट घालून आबा सामानाच्या पट्ट्याजवळ उभे राहायला लागले. जाकिटातल्या माणसाकडं कोण बघतं? तो पाहुण्यांना बसवणारा नसतो, बॅगा उचलणारा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सव्वासहा फुटी पाटील बॅगेची वाट बघत त्यांच्याशेजारी थांबले आणि समोर बघतच म्हणाले, "काय सीटा बसवल्यात राव! गुडघ्याची पार वाट लावली."

आबा हळूच म्हणाले, "व्हय का? अजून सांगा."

मग रोजच सुरू झालं. मान, कंबर, पाय, सगळं ते ऐकायचे. बॅग हातात धरून ठेवायचे म्हणजे माणूस अजून दोन वाक्यं बोलेल. महिन्याभरापूर्वी यातली दहा वाक्यं मिळाली असती तरी भागलं असतं.

त्यानंतरच्या खेपेला आजी आल्या. बऱ्याच वेळानं आबा जाकिटासकट पळत माझ्या काउंटरवर आले. रांगेतल्या माणसांना ओलांडून पुढं. धाप लागलेली.

"बोलली. आजी बोलली."

"काय?"

"म्हणाली, 'तुला म्हणून सांगते बाबा, पाय मोडून पडला माझा त्या सीटवर. त्या काउंटरवाल्या भल्या माणसाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल.'"

आजींनी जाकिटात त्यांना ओळखलंच नव्हतं.

"लिहून घे," आबा म्हणाले.

फॉर्म केव्हाच संपले होते. मी एका रद्द बोर्डिंग पासची कोरी बाजू पुढं ओढली आणि आजींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. आबांनी ते दोनदा वाचलं, खाली तारीख घातली, आणि आम्ही दोघं त्या कागदाकडं बघत बसलो. तो कुठं पाठवायचा हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.